मेजावरचे दार, खिशातले कुलूप

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी जगातील कोट्यवधी संगणक एका दिवसात म्हातारे ठरले. त्यांचा एकही भाग त्या रात्री निकामी झालेला नव्हता. पडदे उजळत होते, कळफलक चालत होते, साठवलेली माहिती जागच्या जागी होती. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या आपल्या प्रणालीची नेहमीची निगराणी त्या दिवशी थांबवली, इतकेच घडले. पुढची ‘विंडोज ११’ ही प्रणाली जुन्या यंत्रांवर बसवण्यास कंपनीची संमती नाही. तिला सुरक्षेसाठी एक विशिष्ट चिप आणि साधारणपणे २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. पैसे भरून किंवा कंपनीच्या अटी मान्य करून काही काळ मुदत वाढवून मिळते, पण तीही संपणारच. कॅनालिस या बाजार-अभ्यास करणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच असा अंदाज वर्तवला होता की, या एका निर्णयापायी जगभरातील सुमारे २४ कोटी यंत्रे भंगारात जातील.

शेतकऱ्याच्या विहिरीवरचा पंप कारखान्याने त्या नमुन्याचे उत्पादन बंद केले म्हणून थांबत नाही. गावातला मिस्त्री तो उघडतो, झिजलेला भाग बदलतो आणि पंप आणखी दहा वर्षे पाणी खेचतो. संगणकाच्या बाबतीत हे घडत नाही, कारण ते यंत्र जिच्या बळावर चालते ती आज्ञावली बंद पेटीत दिलेली असते. मिस्त्री कितीही हुशार असो, पेटी उघडण्याचा त्याला अधिकार नाही. वस्तू विकत घेणाऱ्याची, पण तिचे आयुष्य ठरवणार विकणारा, अशी ही उफराटी मालकी आहे. सामान्य माणसाच्या ती इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात काही अन्याय आहे हेही त्याला आता जाणवेनासे झाले आहे.

या उफराट्या मालकीविरुद्धची चळवळ चार दशकांहून जुनी आहे. २७ सप्टेंबर १९८३ रोजी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतले रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली हवी तशी वापरण्याचे, तिची मूळ संहिता अभ्यासण्याचे, तिच्यात बदल करण्याचे आणि ती इतरांना वाटण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असले पाहिजे, ही त्यांची मागणी. १९८९ मध्ये त्यांनी एक परवाना तयार केला. जो कोणी ही आज्ञावली सुधारून पुढे वाटेल, त्याने पुढच्यालाही हेच हक्क दिले पाहिजेत, असे बंधन त्यात होते. खाजगी मालकीचा कायदाच सामाईक मालकीच्या रक्षणाला जुंपण्याची ही युक्ती विलक्षण होती. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा गाभा लिहिला आणि चळवळीला कणा मिळाला. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील एकूण एक यंत्र लिनक्सवर चालते. तेव्हा हे स्वप्नाळू माणसांचे खूळ आहे, असे म्हणण्याचे दिवस केव्हाच संपले. तरीही सामान्य माणसाच्या मेजावर या प्रणालींना आजवर कोपऱ्यातच जागा मिळाली. येत्या दोन-तीन वर्षांत ती स्थिती बदलण्याची संधी आहे. आणि नेमक्या त्याच काळात त्याच माणसाच्या खिशातल्या मोबाईलवर जे थोडे स्वातंत्र्य शिल्लक होते, तेही आकसत चालले आहे. मेजावरचे दार उघडत असताना खिशात कुलूप लागत आहे, हे आजच्या परिस्थितीचे खरे वर्णन होय.

मेजावर काय येते आहे

लिनक्सवर चालणाऱ्या मेजाच्या संगणकांचे दोन मोठे दर्शनी भाग आहेत. एक १९९६ साली सुरू झालेल्या केडीई प्रकल्पाचा ‘प्लाझ्मा’ आणि दुसरा १९९७ साली सुरू झालेला ‘ग्नोम’. दोन्ही प्रकल्प सध्या एका मोठ्या स्थित्यंतरातून जात आहेत. पडद्यावर चौकटी उमटवण्याचे, कळफलक आणि माऊस यांचे संदेश योग्य त्या आज्ञावलीला पोहोचवण्याचे काम आजवर ‘एक्स ११’ ही व्यवस्था करीत आली. ती १९८७ सालची. तिच्या रचनेत एक मूळचाच दोष असा की, एका आज्ञावलीत माणूस काय टंकित करतो हे शेजारची आज्ञावली बिनदिक्कत ऐकू शकते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या मंडळींसाठी ते चालून गेले. बँकेचा परवलीचा शब्द टंकित करणाऱ्या नागरिकासाठी चालणार नाही. म्हणून २००८ पासून ‘वेलँड’ ही नवी व्यवस्था घडत आली. ग्नोमच्या मंडळींनी आपल्या ५० व्या आवृत्तीत एक्स ११ चा आधार काढून टाकण्याचे ठरवले, तर केडीईने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले की, प्लाझ्माची ६.८ ही आवृत्ती केवळ वेलँडवर चालेल.

या बदलाची वाट पाहण्यासारखी आहे, पण डोळे उघडे ठेवून. अंध व्यक्तींना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावल्या इतर आज्ञावल्यांचे बोलणे ऐकण्याच्या त्या जुन्या सवलतीवरच काही प्रमाणात अवलंबून होत्या. नव्या, कडक व्यवस्थेत त्यांची काही वर्षे ओढाताण झाली. मराठीसारख्या भाषांत टंकलेखन करण्याची साधनेही एका आज्ञावलीतून दुसरीत अक्षरे पोहोचवतात, तेव्हा तीही नव्याने जुळवावी लागतात. सुरक्षिततेची किंमत सर्वांत दुर्बळ वापरकर्त्याने मोजू नये, याची काळजी या स्थित्यंतरात घेतली जाते की नाही, हीच त्याची खरी कसोटी ठरेल.

कार्यालयीन कामासाठीचा ‘लिब्रेऑफिस’ हा संच असाच महत्त्वाचा आहे. ओरॅकल कंपनीने २०१० मध्ये सन ही कंपनी विकत घेतल्यावर ‘ओपनऑफिस’चे भवितव्य कंपनीच्या मर्जीवर राहील हे ओळखून त्याच वर्षी कार्यकर्ते वेगळे झाले आणि संहिता बरोबर घेऊन गेले. मूळ संहिता सर्वांची असते तेव्हा मालक बदलला तरी काम बुडत नाही, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. हा संच ज्या खुल्या दस्तऐवज-स्वरूपात मजकूर साठवतो, त्याला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. सरकारी दप्तर पन्नास वर्षांनी कोणती कंपनी हयात आहे याची चौकशी न करता वाचता यावे, असे वाटणाऱ्या कोणत्याही शासनाने लक्ष द्यावे अशी ही गोष्ट आहे. चित्रांवर काम करण्याच्या ‘गिंप’ या आज्ञावलीची तिसरी मोठी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. आधीची महत्त्वाची आवृत्ती २०१८ ची होती. सात वर्षांची ही प्रतीक्षा आळसामुळे घडलेली नाही. मूठभर माणसे फावल्या वेळात काम करतात, तेव्हा काम याच गतीने होते. या मुद्द्याकडे पुढे परत यावे लागेल.

विंडोज १० ची मुदत संपण्याच्या सुमारास केडीईसह अनेक प्रकल्पांनी मिळून ‘एंड ऑफ १०’ ही मोहीम सुरू केली. जुना संगणक फेकू नका, त्यावर लिनक्स बसवा, जवळचा स्वयंसेवक मदत करील, असे तिचे आवाहन आहे. ज्या शाळेला, वाचनालयाला किंवा कामगार संघटनेच्या कार्यालयाला नवी यंत्रे घेणे झेपत नाही, तिथे या आवाहनाचा अर्थ थेट रुपयांत मोजता येतो.

कीलचा धडा, म्युनिकचा इशारा

शासनसंस्थांना हे जमेल काय, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर जर्मनीत दोन्ही बाजूंनी मिळते. म्युनिक महानगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक त्यावर आणले. पुढे महापालिकेतील राजकीय नेतृत्व बदलले, अंतर्गत व्यवस्थापनाच्या तक्रारींचे खापर प्रणालीवर फुटले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव झाला. तंत्र टिकले होते. राजकीय इच्छाशक्ती टिकली नाही.

त्याच देशातील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने हा इशारा ध्यानात घेतलेला दिसतो. कील ही राजधानी असलेल्या या राज्याच्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३०,००० कर्मचाऱ्यांचे संगणक लिब्रेऑफिसवर नेण्याचा निर्णय केला. ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४०,००० हून अधिक टपालपेट्या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेतून काढून खुल्या यंत्रणेवर आणल्या गेल्या. वाटेत अडचणी आल्या, कर्मचाऱ्यांनी तक्रारी केल्या, काही खात्यांचे काम खोळंबले; परंतु राज्य मागे हटले नाही. जून २०२५ मध्ये डेन्मार्कच्या डिजिटल कारभाराच्या मंत्रालयानेही लिब्रेऑफिसकडे वळण्याचे जाहीर केले. फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने तर २००८ पासूनच लिनक्सचा मार्ग धरला आहे.

भारतात केरळने हे काम याहून आधी आणि याहून कमी गाजावाजा करून केले. २००१ मध्ये तेथे शाळांसाठी संगणक शिक्षणाचा प्रकल्प सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत शिक्षक, कार्यकर्ते व शासन यांच्या एकत्रित रेट्याने सरकारी व अनुदानित शाळांतील शिक्षण मुक्त प्रणालीवर आले. मल्याळम भाषेत चालणारी, शिक्षकांच्या गरजेप्रमाणे घडवलेली प्रणाली तेथील सुमारे दोन लाख संगणकांसाठी तयार होते. महाराष्ट्रात मात्र संगणक साक्षरतेची ओळख २००१ नंतर मुख्यतः एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमातून झाली. लाखो तरुणांना त्याने संगणकाजवळ नेले, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण त्यात भर राहिला तो एकाच कंपनीच्या विंडोज आणि ऑफिस यांवर. लेखन शिकवावे आणि ते एकाच कारखान्याच्या लेखणीने शिकवावे, तसे हे झाले. एका पिढीने कौशल्य म्हणून जे आत्मसात केले, ते प्रत्यक्षात एका उत्पादनाची सवय होते.

स्वदेशी आणि मुक्त

जुलै २०२५ मध्ये घडलेल्या एका प्रसंगाने हा विषय शाळेच्या वर्गातून थेट राष्ट्राच्या सार्वभौमत्वापर्यंत नेला. गुजरातेत वाडीनार येथे वर्षाला २ कोटी टन तेल शुद्ध करण्याची क्षमता असलेल्या नायरा एनर्जी या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचे ४९.१३ टक्के भांडवल आहे. युरोपीय संघाने १८ जुलै रोजी तिच्यावर निर्बंध घातले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. भारतीय कायद्याने अशी कोणतीही सक्ती केलेली नव्हती. पैसे भरलेले होते, करार चालू होता, तरी भारतीय भूमीवरील कर्मचाऱ्यांना स्वतःचा पत्रव्यवहार दिसेना. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि सेवा पूर्ववत झाल्या. रशियाविषयी कोणाचे काहीही मत असो, ब्रुसेल्समधील निर्णयाने वाडीनारचे काम अडू शकते, एवढे तरी या प्रसंगाने सर्वांना दाखवून दिले.

यावर दिल्लीने शोधलेला उपाय ‘स्वदेशी’चा आहे. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचा टपाल व्यवहार झोहो या तामिळनाडूतून वाढलेल्या कंपनीच्या यंत्रणेवर नेण्यात आला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना त्याच कंपनीचा कार्यालयीन संच वापरण्यास सांगितले. कंपनीचे कर्तृत्व मोठे आहे आणि परकीय अवलंबन कमी होणे इष्टच आहे. परंतु स्वदेशी आणि मुक्त या दोन गोष्टी एक नव्हेत. मँचेस्टरच्या गिरणीमालकाऐवजी मुंबईचा गिरणीमालक आला म्हणून विणकराच्या हाती माग येत नाही. मूळ संहिता बंद असेल तर उद्या कंपनी विकली गेली, तिने दर वाढवले किंवा तिचे धोरण बदलले, तर शासन पुन्हा त्याच जागी येऊन उभे राहील.

हे समजत नव्हते असेही नाही. भारत सरकारने २०१० मध्ये ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरण स्वीकारले. २०१५ मध्ये मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण आले. त्यात निविदा भरणाऱ्याने मुक्त पर्याय का वगळला याचे कारण द्यावे, अशी तरतूद आहे. सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित प्रणालीही दिली. धोरण आहे, संस्था आहे, प्रणाली आहे. अंमलबजावणीचा आग्रह धरणारे कोणी नाही. आपल्याकडच्या अनेक चांगल्या कायद्यांची जी गत होते, तीच या धोरणांचीही झाली.

खिशातले कुलूप

मेजावरचे हे चित्र उमेद वाटावे असे आहे. पण भारतातील बहुसंख्य नागरिकांच्या मेजावर संगणक नाहीच. त्यांचा संगणक म्हणजे हातातला मोबाईल, आणि त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक मोबाईल गूगलच्या अँड्रॉइडवर चालतात. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचा गाभा आहे आणि त्याची बरीचशी संहिता खुली आहे. म्हणून तो मुक्त आहे, असा समज पसरला. तो समज खरा राहिलेला नाही. मार्च २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की, अँड्रॉइडचे सर्व घडणकाम यापुढे कंपनीच्या अंतर्गत दालनात होईल आणि तयार झाल्यावरच संहिता बाहेर ठेवली जाईल. २०२६ पासून ही संहिता वर्षातून दोनदाच प्रसिद्ध करण्याचे ठरले. पंगतीला बोलावणे कायम आहे, पण स्वयंपाकघराचे दार लावून घेतले आहे.

ऑगस्ट २०२५ मधील घोषणा अधिक गंभीर होती. गूगलने मान्यता दिलेल्या मोबाईलवर, गूगलच्या दुकानाबाहेरून घेतलेली आज्ञावली बसवायची असली तरी तिच्या कर्त्याने आधी गूगलकडे आपली ओळख पटवून नोंदणी केलेली असली पाहिजे, असा हा नियम आहे. ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या देशांत सप्टेंबर २०२६ पासून, आणि २०२७ पासून इतरत्र, असे त्याचे वेळापत्रक कंपनीने दिले. २०१० पासून केवळ मुक्त आज्ञावल्यांचे भांडार चालवणाऱ्या ‘एफ-ड्रॉइड’ने या नियमाने आपले कामच संपेल असा इशारा दिला. टीका वाढल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने जाणकार वापरकर्त्यांसाठी एक वेगळी वाट ठेवण्याचे आश्वासन दिले. ती वाट किती रुंद ठेवायची आणि केव्हा बुजवायची, हे मात्र कंपनीच ठरवणार.

या नियमामागील कारण पोकळ नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. लग्नपत्रिकेच्या किंवा वाहन-दंडाच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या आज्ञावलीने अनेक भारतीयांची बँक खाती रिकामी केली आहेत. लुबाडला गेलेल्या निवृत्त शिक्षकाला स्वातंत्र्याचे प्रवचन देणे हा क्रूरपणा होईल. पण चोर शिरतात म्हणून घरमालकाने प्रत्येक भाडेकरूकडे कोण पाहुणा येणार हे स्वतःच ठरवावे, हा त्यावरचा उपाय नव्हे. ओळख पटवण्याची गरज असेल तर ती व्यवस्था लोकांना उत्तरदायी असलेल्या कायद्याने, अपिलाच्या हक्कासह उभी राहिली पाहिजे. एखाद्या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली छोटी आज्ञावली, संघटनेने सभासदांसाठी घडवलेले साधन, सत्तेला नकोसे झालेले एखादे वार्तापत्र, या सर्वांना परवाना देणारा जर एक परदेशी मक्तेदार असेल, तर त्या मक्तेदारावर दबाव आणणे हे कोणत्याही सरकारला फार सोपे जाईल.

भारताच्या हाती यावरचे औषध एकदा आले होते. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडमधील मक्तेदारीच्या गैरवापराबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला आणि काही आदेश दिले. दुकानाबाहेरून आज्ञावली वाटण्याच्या विकासकांच्या क्षमतेवर गूगलने कोणतेही बंधन आणू नये, हा त्यांतील एक होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण चार आदेश रद्द केले आणि त्यांत नेमका हा आदेश होता. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. दंडाच्या आकड्याची वर्तमानपत्रांत मोठी चर्चा झाली. त्या एका वाक्याची झाली नाही. कंपनीला दंड एकदाच बसतो, वाक्याचे बंधन मात्र कायमचे राहिले असते.

गूगलवर अवलंबून नसलेला मोबाईल घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेला ‘पोस्टमार्केट ओएस’ हा प्रकल्प टाकून दिलेल्या मोबाईलला दहा वर्षांचे आयुष्य देण्याचे ध्येय बाळगतो. केडीईचा ‘प्लाझ्मा मोबाईल’, कॅनॉनिकल कंपनीने २०१७ मध्ये सोडून दिल्यावर स्वयंसेवकांनी उचललेला ‘उबंटू टच’, हे त्याच वाटेवरचे प्रवासी. कॅमेरा नीट न चालणे, बॅटरी लवकर उतरणे, आणि सर्वांत मोठे म्हणजे अनेक बँकांच्या अ‍ॅपनी अशा मोबाईलवर चालण्यास नकार देणे, या त्यांच्या अडचणी आहेत. पहिल्या दोन तंत्राच्या आहेत आणि काळाने सुटतील. तिसरी सत्तेची आहे आणि ती नियमांनीच सुटेल.

या क्षेत्रात एक जुना अनुभव विसरता कामा नये. मोझिला संस्थेने २०१३ मध्ये ‘फायरफॉक्स ओएस’ ही मुक्त मोबाईल प्रणाली बाजारात आणली. २०१४ मध्ये ती भारतात २,००० रुपयांच्या आतल्या मोबाईलवर मिळत होती. संस्थेने तिचे काम थांबवल्यावर तिच्या संहितेतून ‘कायओएस’ निघाली आणि २०१७ मध्ये जिओफोनच्या रूपाने ती भारतात कोट्यवधी हातांत पोहोचली. गरिबांच्या हाती इंटरनेट आले, हे चांगले झाले. पण ज्या संहितेचा जन्म वापरकर्त्याच्या स्वातंत्र्यासाठी झाला होता, ती तिथे पोहोचली ती एका कंपनीच्या बंद पेटीत. संहिता खुली असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. यंत्राची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

मराठीचा हिशेब

मराठी माणसाला हा सारा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील वृत्तपत्रे, प्रकाशक आणि कचेऱ्या यांनी वर्षानुवर्षे ज्या टंकांत मजकूर साठवला, त्या टंकांची संकेतपद्धती प्रत्येक विक्रेत्याची वेगळी होती. परिणामी एका आज्ञावलीत जुळवलेले पुस्तक दुसरीत उघडले की अर्थहीन चिन्हांचा कचरा दिसे. वीस-पंचवीस वर्षांचे मराठी लेखन अशा बंद पेट्यांत अडकून पडले. त्यातून वाट निघाली ती युनिकोड हे खुले मानक आणि मुक्त टंक यांच्यामुळे. रेड हॅट कंपनीने खुली केलेली आणि तिच्या पुण्यातील अभियंत्यांनी जोपासलेली ‘लोहित’ ही मालिका, मुंबईच्या ‘एक टाइप’ने दिलेला ‘मुक्त’ हा टंक, ही त्याची उदाहरणे. मराठीचा ल आणि श हिंदीहून वेगळ्या वळणाचे आहेत. टंकात दोन्ही वळणे असतील आणि मजकुराची भाषा मराठी आहे हे आज्ञावली जाणत असेल, तर आज योग्य वळण आपोआप उमटते. अक्षरांची ही जुळणी करणारी ‘हार्फबझ’ ही मुक्त आज्ञावली लिब्रेऑफिसपासून अँड्रॉइडपर्यंत सर्वत्र बसलेली आहे. मराठीसाठी काही दुरुस्त करायचे असेल तर कोणत्याही कंपनीची मनधरणी करावी लागत नाही, दुरुस्ती लिहून पाठवावी लागते. अशी दुरुस्ती लिहिणारे मराठी हात किती आहेत, हा मात्र अवघड प्रश्न आहे. प्लाझ्मा, ग्नोम, लिब्रेऑफिस यांच्या मराठी अनुवादाचे काम बहुतांशी स्वयंसेवकांच्या फावल्या वेळावर चालते. अभिजात दर्जाचे सोहळे करणाऱ्या राज्याने या कामासाठी चार पगारी माणसे नेमली तर भाषेची अधिक सेवा होईल.

बंधारा कोण दुरुस्त करणार?

धुळे आणि नाशिक या भागांत पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षे चालत आली. बंधाऱ्याचे पाणी सर्व लाभधारकांचे. पण पाटातला गाळ काढणे, बंधाऱ्याची डागडुजी करणे हेही सर्वांचेच काम. पाणी घ्यायचे आणि गाळ काढायला जायचे नाही, असे त्या व्यवस्थेत चालत नसे. मुक्त आज्ञावलींच्या जगात आज नेमके हेच चालले आहे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात प्रवेश करायला अर्ध्या सेकंदाचा उशीर होतो असे जाणवले, आणि त्या धाग्याने तो एका भयंकर कटापर्यंत पोहोचला. ‘एक्सझेड’ नावाची, असंख्य यंत्रांत बसलेली एक छोटी आज्ञावली एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता. मदतीचा बहाणा करून कोणी तोतया दोन वर्षे त्याचा विश्वास मिळवत राहिला आणि अखेर त्याने तिच्यात चोरदरवाजा बसवला. ज्या कंपन्यांचे अब्जावधींचे व्यवहार त्या आज्ञावलीवर विसंबून होते, त्यांपैकी कोणीही त्या स्वयंसेवकाचा भार हलका करायला गेले नव्हते.

या बाबतीत काही सुचिन्हे आहेत. जर्मन शासनाने २०२२ मध्ये अशा पायाभूत कामासाठी निधी उभारला आणि २०२३ मध्ये ग्नोमला दहा लाख युरो दिले. त्यातील काही भाग अंध व अपंग वापरकर्त्यांच्या सोयींवर खर्च झाला. बेंगळुरूच्या झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दरवर्षी दहा लाख डॉलर मुक्त प्रकल्पांना देण्याचे जाहीर केले. एका खाजगी दलाली पेढीला जे कळते, ते परवान्यांवर दरवर्षी कोट्यवधी रुपये खर्च करणाऱ्या राज्य सरकारांना कळू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

तेव्हा येणाऱ्या मुक्त प्रणालींची नुसती वाट पाहून भागणार नाही. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर चार गोष्टी तातडीच्या आहेत. विंडोज १० ची मुदत संपलेली शाळांतील आणि कचेऱ्यांतील यंत्रे लिलावात काढण्यापूर्वी त्यांवर मुक्त प्रणाली चालते काय याची तपासणी सक्तीची करावी. शासनाचा प्रत्येक दस्तऐवज खुल्या स्वरूपात साठवला जावा आणि २०१५ च्या धोरणाप्रमाणे मुक्त पर्याय वगळणाऱ्याकडून लेखी कारण घ्यावे. परवान्यांवर वाचलेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा या आज्ञावल्यांच्या निगराणीसाठी आणि मराठीसाठी राखून ठेवावा. आणि आपल्या मोबाईलवर आपल्याला हवी ती आज्ञावली बसवण्याचा नागरिकाचा हक्क संसदेने कायद्यात लिहावा. तो हक्क कोणा कंपनीच्या आश्वासनावर किंवा न्यायाधिकरणाच्या एका परिच्छेदावर सोडून देऊ नये.

यांतील पहिल्या तीन गोष्टी उशिराने केल्या तर पैसे वाया जातील, पण दार उघडे राहील. चौथीबाबत तशी सवलत नाही. २०२७ हे वर्ष कंपनीने आपल्या वेळापत्रकात लिहून ठेवले आहे. देशाच्या वेळापत्रकात ते अजून कोठे दिसत नाही.